पत्ता आपल्या नावाचा असू दे

अगं, तुझा निरोप वाचला आणि लगेच लिहायला बसले. भिलाईजवळच्या हथखोजमधल्या वर्कशॉपमध्ये स्वतःचा ई-मेल सर्व्हर बसवायचं तुमच्या घरात चाललंय. तुझ्या दिराला कुणीतरी जुनं सर्व्हर मशीन स्वस्तात देतंय, इंटरनेटची लाइन आहेच, तेव्हा घेऊन टाकावं का, असं विचारलंस. घाई करू नका. मशीनवाल्याला होकार द्यायच्या आधी माझं सगळं ऐकून घे, मग दोघं मिळून ठरवा.

पहिल्यांदा हे सांगते की विषय तू काढलास ते फार चांगलं केलंस. तुझ्या सासऱ्यांनी धंदा उभा केला तो ओळखीवर. ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली आणि पुढे कारखान्याच्या आधाराने छोटी छोटी वर्कशॉप उभी राहत गेली. १९५६पर्यंत भिलाईचा दुर्ग जिल्हा आणि नागपूर एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर होती. त्यामुळे तिकडच्या मराठी घरांना इथे येऊन बसणं परकं वाटलं नाही. साहेब ओळखीचे, फोरमन ओळखीचा, तोंडी शब्दावर काम मिळायचं. आता तुझ्याकडे एनक्वायरी येते ती पुण्याच्या नाहीतर चेन्नईच्या खरेदी अधिकाऱ्याकडून. त्याने ना तुझं वर्कशॉप पाहिलेलं, ना तुला. त्याला दिसतो फक्त तुझा ई-मेलचा पत्ता आणि तुझं उत्तर. त्या पत्त्याच्या शेवटी जीमेल डॉट कॉम असेल, तर तू खरी कंपनी आहेस की कुणी मधला दलाल, हे त्याला तेवढ्यावरून कळत नाही.

आता मुद्द्याचं. तुमच्या घरात जो प्रश्न घोळतोय त्यात खरं तर दोन प्रश्न एकत्र झालेत. एक, पत्ता कुणाच्या मालकीचा असावा? आणि दोन, पत्रं कुणाच्या मशीनवर असावीत? पहिल्याचं उत्तर एकच: तुमच्या, फक्त तुमच्या. दुसऱ्याचं उत्तर: ज्याचा तो रोजचा धंदा आहे त्याच्या. धंद्याचा गाळा भाड्याचा असला तरी चालतो, पण दारावरची पाटी आणि जीएसटी नंबर आपलाच लागतो ना, तसं. हे एवढं पक्कं धरून ठेवलंस की बाकीचे निर्णय आपोआप सुटतात.

पाटी म्हणजे डोमेन. फर्मच्या नावाचं डॉट इन किंवा डॉट कॉम घे. डॉट इनचा कारभार भारतातली निक्सी ही संस्था बघते आणि २००५पासून ते सर्वांना सहज घेता येतं. वर्षाचा खर्च साधारण हजाराच्या आसपास येतो. म्हणजे एका ड्रिल बिटच्या सेटइतकाही नाही. २०१४पासून डॉट भारत हे देवनागरी डोमेनही मिळतं. हवं तर तेही घेऊन ठेव, पण कोटेशनसाठी रोमन लिपीतलंच वापर, कारण बऱ्याच पोर्टलच्या फॉर्ममध्ये देवनागरी पत्ता अजून बसत नाही. नाव निवडताना फोनवर सांगून पाहा. समोरच्याला स्पेलिंग दोनदा सांगावं लागलं तर ते नाव सोडून दे.

डोमेन कुणाच्या नावावर घेतलंय, याकडे फार बारकाईने बघ. नंदिनी रोडच्या बाजूला एक फॅब्रिकेशनवाले आहेत, भली माणसं. वेबसाइट करणाऱ्या मुलानेच त्यांचं डोमेन घेतलं, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या मोबाइलवर. त्यात त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पुढे तो नोकरीला दुसऱ्या शहरात गेला, नंबर बदलला, आणि मुदत संपल्याच्या सूचना कुणी वाचत नसलेल्या मेलबॉक्समध्ये पडत राहिल्या. एके दिवशी वेबसाइटही बंद आणि ई-मेलही बंद. ग्राहकांनी पाठवलेल्या पर्चेस ऑर्डर परत जायला लागल्या. डॉट कॉमची मुदत टळली की आधी काही दिवसांची सवलत असते, मग ३० दिवस जादा पैसे भरून सोडवता येतं, आणि त्यानंतर ते नाव जगात कुणीही घेऊ शकतं. ज्याने घेतलं, त्याला तुमच्या नावाने येणारी पत्रंही मिळू लागतात, हे ध्यानात घे.

म्हणून रजिस्ट्रारकडचं खातं तू स्वतः उघड. मालक म्हणून फर्मचं नाव, जीएसटीवर आहे तसंच. मोबाइल तुझा. संपर्काचा ई-मेल मात्र त्याच डोमेनवरचा देऊ नकोस, कारण डोमेन बंद पडलं तर खातं सोडवायची चिठ्ठीसुद्धा त्याच बंद दारात जाईल. तिथे तुझा जीमेल दे. एकदम पाच किंवा दहा वर्षांचे पैसे भरता येतात, जमेल तितके भर. दोन टप्प्यांचं लॉगिन सुरू कर. वेबसाइटवाल्याला काम करायचं असेल तर त्याला वेगळा प्रवेश दे, तुझा पासवर्ड देऊ नकोस.

पाटी आपली असली की घर बदलता येतं, याचं मोठं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. केंद्र सरकारची ई-मेल सेवा वर्षानुवर्षं एनआयसी या सरकारी संस्थेकडे होती. २०२३ मध्ये त्या कामाचं कंत्राट झोहो या भारतीय कंपनीला मिळालं आणि सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची खाती तिच्या व्यवस्थेवर गेली. पत्ते मात्र जुनेच राहिले, जीओव्ही डॉट इन आणि एनआयसी डॉट इनवरचे. कलेक्टर कचेरीला पत्र पाठवणाऱ्या माणसाला काही बदललंय हे कळलंही नाही. सरकारच्या पदरी इतके संगणकतज्ज्ञ असून त्यांनी हा मार्ग धरला. तुमचं तर आठ-दहा जणांचं ऑफिस.

आता दिराचं म्हणणं. तो म्हणतो, वीज गेली तर यूपीएस आहे. खरं सांगायचं तर विजेची मला इतकी काळजी नाही. येणारं पत्र दोन तासांच्या लोडशेडिंगने हरवत नाही, कारण पाठवणारा सर्व्हर साधारण चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो, तशी पद्धतच ठरलेली आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेल्यावर पत्र्याच्या शेडमध्ये, ग्राइंडरच्या धुळीत ते जुनं मशीन किती दिवस टिकेल, हा प्रश्न आहे, पण तोही सोडवता येईल.

खरी अडचण जाणाऱ्या पत्राची आहे. वर्कशॉपच्या साध्या ब्रॉडबँडचा आयपी पत्ता बदलता असतो, आणि अनेकदा तो कितीतरी ग्राहकांत वाटलेला असतो. अशा आयपींच्या याद्या स्पॅमहाउससारख्या संस्था ठेवतात, आणि तिथून थेट आलेलं पत्र मोठे सर्व्हर दारातच परत पाठवतात. एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे पत्र जातं ते पोर्ट २५मधून, आणि घरगुती जोडणीवर कंपन्या बहुतेक वेळा ते बंदच ठेवतात. जादा पैसे भरून स्थिर आयपी घेतलात तरी त्या आयपीवरून तुमचं नाव सापडायला हवं, ज्याला रिव्हर्स डीएनएस म्हणतात. ते तुमच्या हातात नसतं, लाइन देणाऱ्या कंपनीलाच करून द्यावं लागतं. फेब्रुवारी २०२४पासून तर जीमेलने रिव्हर्स डीएनएसची अट पाठवणाऱ्या प्रत्येकाला लागू केलीय. तुझं कोटेशन स्पॅममध्ये पडलं तर तिकडून कुणी कळवत नाही. टेंडरची तारीख निघून जाते आणि आपल्याला वाटतं, आपला भाव बसला नाही.

दुसरी गोष्ट सुरक्षेची. ते स्वस्तातलं मशीन मायक्रोसॉफ्ट एक्सचेंज हे मेलचं सॉफ्टवेअर टाकून देतायत, असं तू लिहिलंस. कुठली आवृत्ती आहे ते विचार. २०१६ आणि २०१९ या दोन्ही आवृत्त्यांना मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी साथ १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. मार्च २०२१ मध्ये याच एक्सचेंजमधल्या त्रुटींतून जगभरातल्या हजारो कंपन्यांच्या सर्व्हरमध्ये चोर शिरले. त्यात फटका बसला तो स्वतःच्या ऑफिसात सर्व्हर ठेवणाऱ्यांना, आणि त्यांत लहान धंदेवाले खूप होते. दुरुस्ती २ मार्चलाच आली होती, पण ती लावायला माणूस हवा ना! रात्री दहा वाजता दुरुस्ती आली तर तुमच्याकडे ती कोण लावणार? दीर तेव्हा डिस्पॅचच्या ट्रकपाशी उभा असणार.

शिवाय सर्व्हर आपला म्हटला की कायद्याची जबाबदारीही आपली. सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस भारतात जपून ठेवाव्या लागतात आणि घुसखोरी लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावं लागतं. लहान उद्योगांना सुरुवातीला थोडी मुदत वाढवून मिळाली होती, तीही सप्टेंबर २०२२ मध्ये संपली.

एवढं असूनही दिराला हे शिकायचंच असेल तर त्याचा हिरमोड करू नकोस. शिकण्यासारखं आहेच ते, आणि त्याचं रीतसर काम करणारी मुलं दुर्ग-भिलाईत हवीच आहेत. पण मशीन वर्कशॉपमध्ये नको. मुंबईतल्या एखाद्या डेटा सेंटरमधला छोटा व्हीपीएस, म्हणजे स्थिर आयपी असलेला भाड्याचा सर्व्हर, महिन्याच्या भाड्याने घ्या. घेण्याआधी विचारा, पोर्ट २५ उघडून मिळेल का आणि रिव्हर्स डीएनएस लावता येईल का. बऱ्याच क्लाउड कंपन्या ते पोर्ट मुळातच बंद ठेवतात. त्यावर लिनक्स, पत्रं ने-आण करायला पोस्टफिक्स, मेलबॉक्ससाठी डव्हकॉट, स्पॅम गाळायला आरस्पॅमडी आणि लेट्स एन्क्रिप्टचं फुकट प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं, ते आपोआप नवं होतंय की नाही हे बघायचं. सगळं एकत्र बांधून देणारं मेलकाउही आहे, त्याला किमान ६ जीबी मेमरी लागते. दिराने आधी एखादं वेगळं, सरावाचं डोमेन घ्यावं आणि त्यावर काही महिने घरच्यांची पत्रं चालवावीत. कंपनीच्या पर्चेस ऑर्डरवर हात साफ करायचा नाही, एवढी अट घाल.

तुझ्या ऑफिससाठी मात्र भाड्याची सेवा घे. झोहो, गूगल, मायक्रोसॉफ्ट, आपला जुना रेडिफसुद्धा कंपन्यांना मेल देतो. दर माणसामागे महिन्याचं भाडं असतं, त्यामुळे सगळ्यांना मेलबॉक्स द्यायची गरज नाही. शॉप फ्लोअरवरच्या माणसांना नकोच. तू, सासरे, दीर, अकाउंट्सची मुलगी आणि डिस्पॅच, एवढ्यांत काम भागतं. सेल्स, पर्चेस, अकाउंट्स असे कामाच्या नावाचे पत्ते कर आणि ते माणसांच्या मेलबॉक्सला जोडून दे. बहुतेक सेवांमध्ये अशा उपनावांना वेगळं भाडं पडत नाही. ग्राहकाला नेहमी कामाचा पत्ता द्यायचा. उद्या अकाउंट्सची मुलगी लग्न होऊन राजनांदगावला गेली तरी अकाउंट्सचा पत्ता तिथेच राहतो, त्यामागचं माणूस फक्त बदलतं.

सेवा घेतल्यावर ते लोक तुला चार नोंदी देतील, त्या डोमेनच्या खात्यात डीएनएसच्या, म्हणजे डोमेनच्या पत्तावहीच्या, पानावर भरायच्या असतात. हे काम कुणावर सोपवलंस तरी शेजारी बसून बघ, अवघड नाही. पहिली एमएक्स, म्हणजे आमची पत्रं कुठल्या सर्व्हरवर आणून टाकायची ते. त्यात आकडे असतात, लहान आकड्याला आधी मान. जुनी एखादी एमएक्स नोंद राहिली असेल तर काढून टाक, नाहीतर काही पत्रं तिकडे जात राहतील.

दुसरी एसपीएफ. ही एकाच ओळीची नोंद, आमच्या नावाने पत्र पाठवायची परवानगी कुणाला आहे ते सांगणारी. इथे सगळ्यांचा पाय घसरतो तो एकाच जागी. मेलवाल्याने एक ओळ दिलेली असते, आणि वेबसाइटवाल्याने आधीच आपली एक टाकलेली असते. दोन एसपीएफ झाल्या की समोरचा सर्व्हर दोन्ही मोडीत काढतो. म्हणून ओळ एकच ठेवायची आणि दोघांची नावं त्याच ओळीत गुंफायची. त्यातून दहाच्या वर चौकशा निघाल्या तरीही ती बाद होते, म्हणून वापरात नसलेली नावं काढत जा. ओळीचा शेवट बघ. ऑल या शब्दाआधी नागमोडी रेघ असली तर बाकीच्यांवर संशय घ्या असा अर्थ, उणे चिन्ह असलं तर सरळ नाकारा. सुरुवातीला नागमोडी रेघ बरी. अधिक चिन्ह दिसलं तर ताबडतोब काढ, कारण त्याने सगळ्या जगाला तुझ्या नावाने पत्र पाठवायची परवानगी मिळते.

तिसरी डीकिम, म्हणजे प्रत्येक पत्रावर उमटणारी सही. तिची किल्ली बरीच लांब असते आणि काही डीएनएसच्या पानांवर २५५ अक्षरांनंतर शेपूट कापलं जातं. चिकटवल्यावर शेवटची अक्षरं जुळतात का ते बघ. चौथी डीमार्क, म्हणजे सही आणि परवानगी जुळली नाही तर पत्राचं काय करायचं ते सांगणारी नोंद. पहिल्यांदा तिथे ‘नन’ लिही, म्हणजे काही अडवू नका, फक्त मला अहवाल पाठवा. काही आठवडे अहवाल बघ. आपली सगळी पत्रं, वेबसाइटच्या फॉर्ममधून आणि टॅलीमधून जाणारी बिलंसुद्धा, नीट पास होतायत असं दिसलं की ‘क्वारंटाइन’ कर आणि शेवटी ‘रिजेक्ट’. मग तुझ्या नावाने खोटं बिल पाठवणाऱ्याचं पत्र बहुतेक ठिकाणी दारातच अडेल.

झालं की नाही ते तपासायला कुणाला विचारावं लागत नाही. नव्या पत्त्यावरून स्वतःच्या जीमेलला एक पत्र पाठव. संगणकावर ते उघड, उजवीकडच्या तीन ठिपक्यांवर जा आणि ‘शो ओरिजिनल’ दाब. वरच एक छोटा तक्ता दिसतो. एसपीएफ, डीकिम, डीमार्क, तिन्हींपुढे ‘पास’ हवं. एकाही ठिकाणी ‘फेल’ असेल तर सेवा देणाऱ्याच्या मागे लाग. तिन्ही पास झाल्याशिवाय एकाही ग्राहकाला नवा पत्ता कळवायचा नाही.

जुन्या जीमेलवरून नव्यावर येताना घिसाडघाई नको. शनिवारी संध्याकाळी डिस्पॅच संपल्यावर बदल कर, रविवारभर नीट स्थिरावेल. जुनी पत्रं नव्या मेलबॉक्समध्ये ओढून आणायची सोय बहुतेक सेवांत असते. जुना जीमेल बंद करू नकोस, त्यावरची पत्रं नव्यावर वळवून ठेव. मग एक कागद घे आणि जिथे जिथे जुना पत्ता दिलेला आहे त्या जागा लिहून काढ: जीएसटी, उद्यम नोंदणी, सरकारी खरेदीचं जेम पोर्टल, कारखान्याचं वेंडर रजिस्ट्रेशन, बँक, पीएफ, डिजिटल सिग्नेचर, वीज मंडळ. एकेक बदल आणि खूण कर. ओटीपी कुठल्या पत्त्यावर येतो हे ऐन टेंडरच्या दिवशी शोधायची पाळी येऊ नये.

ड्रॉइंगचं एक सांगायचं राहिलं. जीमेलची मर्यादा २५ एमबीची असली तरी पत्रात घातल्यावर फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते, म्हणजे साधारण १८ एमबीच्या वरची फाइल अडकू शकते. कंपन्यांचे सर्व्हर तर पुष्कळदा १० एमबीवरच हात वर करतात. मोठं ड्रॉइंग लिंकने दे, टेस्ट सर्टिफिकेटची पीडीएफ मात्र पत्रालाच जोड, कारण ती पुढे पुरावा म्हणून लागते.

पुराव्याचं म्हणतेय ते नीट ऐक, यात तुझे पैसे आहेत. उद्यमवर नोंदलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाला २००६च्या कायद्याने संरक्षण दिलंय. ग्राहकाशी लेखी ठरलेलं असलं तरी पैसे ४५ दिवसांच्या पुढे लांबवता येत नाहीत, आणि लांबवले तर बँक दराच्या तिप्पट, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. माल पोचल्यापासून १५ दिवसांत त्यांनी लेखी तक्रार केली नाही तर माल स्वीकारला असं धरलं जातं. आता ही तारीख सिद्ध कशी करणार? चलन, ई-वे बिल आणि माल पोचल्यावर तू पाठवलेलं ते दोन ओळींचं पत्र. म्हणून माल उतरला की त्याच दिवशी पत्र टाकायची सवय लाव: अमुक पर्चेस ऑर्डर, अमुक चलन, आज पोचलं, सोबत बिल. व्हॉट्सअॅपवर बोलणं झालं तरी संध्याकाळी तेच पत्रात लिहून पाठव. आणि ते पत्र मेलबॉक्समध्ये मूळ रूपात राहू दे. कोर्टात नुसता स्क्रीनशॉट फार काळ तग धरत नाही. जुलै २०२४पासून लागू झालेल्या साक्ष कायद्यात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, आणि ते द्यायला मूळ पत्र हाताशी हवं.

म्हणून पत्रं पुसायची घाई कधी करू नकोस. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक रिटर्न भरायच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवायची असतात, तेवढा तरी हिशेब धर. पत्रं भाड्याच्या जागी आहेत, म्हणून त्यांची एक प्रत आपल्याकडे हवीच. दर तिमाहीला सगळ्या मेलबॉक्सचा बॅकअप एका हार्ड डिस्कवर घे आणि ती डिस्क वर्कशॉपमध्ये न ठेवता घरी ठेव. वर्षातून एकदा त्यातलं एखादं जुनं पत्र उघडून बघ. उघडत नसेल तर तो बॅकअप कामाचा नाही, दुसरा घे.

आणि आता ज्याची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ते. पोलाद पुरवठादाराच्या नावाने पत्र येतं: आमचं बँक खातं बदललंय, यापुढचे पैसे या खात्यात टाका. नाव तेच, लोगो तोच, मागच्या पत्रातला मजकूरही खाली असतो. पत्ता मात्र अक्षर अक्षर करून वाचावा लागतो. इंग्रजी एमच्या जागी आर आणि एन शेजारी शेजारी बसवलेले असतात आणि मोबाइलच्या पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. हे तुझा सर्व्हर कितीही चांगला असला तरी अडणार नाही, कारण त्या चोराने त्याचं स्वतःचं डोमेन रीतसर घेतलेलं असतं आणि तिन्ही तपासण्यांत तो पास होतो. यावर उपाय एकच, आणि तो घरातला नियम म्हणून भिंतीवर लाव: खातं बदलल्याचं पत्र आलं की आपल्या वहीतल्या जुन्या नंबरवर फोन करून विचारायचं, पत्रात दिलेल्या नंबरवर नाही. पैसे गेलेच तर लाजत बसायचं नाही, त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० नंबर लावायचा आणि बँकेला कळवायचं. पहिल्या काही तासांत पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. अकाउंट्सच्या मुलीला हे आधीच सांगून ठेव, आणि असं घडलं तर तिला कुणी रागावणार नाही हेही सांग. भीतीपोटी माणूस तासभर गप्प बसतं आणि तेवढ्यात पैसे पुढे निघून जातात.

या आठवड्यात तू एवढंच कर. मशीनवाल्याला नम्रपणे नाही म्हण. फर्मचं नाव कुठे मोकळं आहे ते बघ, आणि आधीपासून कुणी घेऊन ठेवलं असेल तर कुणाच्या नावावर आहे ते शोध. वेबसाइटवाल्याच्या नावावर निघालं तर त्याच्याशी गोडीने बोल, उरलेले पैसे द्यायचे असतील तर देऊन टाक आणि डोमेन आपल्या खात्यात वळवून घे. बाकी सेवा कुठली घ्यायची, किती जणांची घ्यायची, ते सावकाश ठरवता येईल, पटली नाही तर वर्षाने बदलताही येईल.

रविवारी घरी ये, डबा घेऊन ये नाहीतर इथेच जेव. दोघी मिळून खातं उघडू, चारही नोंदी भरू. मी शेजारी बसेन, काय कुठे लिहायचं ते सांगेन, पण टाइप तू करायचंस. आणि पासवर्ड ठरवताना मी आत स्वयंपाकघरात जाईन. तो तुझ्याशिवाय कुणाला माहीत नको, मलासुद्धा नाही. एका पाकिटात लिहून बँकेच्या लॉकरमध्ये ठेव आणि पाकीट कुठे आहे ते फक्त सासऱ्यांना सांग. तुझ्या गैरहजेरीतही कामकाज चालायला हवं.